डास चावला की टम्म सूज येते: काय तपासायचं, कोणत्या क्रमाने, आणि डॉक्टरकडे कधी जायचं

आमच्या घरात हा त्रास दोघांना आहे, धाकट्या मुलाला आणि माझ्या नणंदेला. घर पुण्यात, नदीपासून फार लांब नाही. त्यामुळे नदीत जलपर्णी माजते तो फेब्रुवारी-मार्च आणि पावसाचा ऑगस्ट ते ऑक्टोबर, असे दोन हंगाम आम्हाला ठरलेले. सोसायटीत हे सगळ्यांना माहीत झाल्यापासून कुणाच्याही पोराचा डोळा सुजला की फोटो आधी माझ्या मोबाइलवर येतो. मी डॉक्टर नाही. पण तेच तेच निस्तरून एक क्रम हाताला बसला आहे. फुकटातल्या गोष्टी आधी, खर्चाच्या आणि खटाटोपाच्या नंतर. तो इथे मांडते.

आधी लक्षणं

डास चावल्यावर काही मिनिटांत गांध उठते, खाज सुटते, दुसऱ्या दिवशी तिथे लालसर टणक पुटकुळी होते आणि आठ-दहा दिवसांत ती विरते. हे सगळ्यांनाच होतं. त्यासाठी पुढचं वाचायची गरज नाही.

हा लेख त्यांच्यासाठी आहे ज्यांच्याकडे असं होतं:

- चावल्यापासून काही तासांत सूज तळहाताएवढी पसरते. संध्याकाळी चावलं तर सकाळपर्यंत अख्खं मनगट किंवा पोटरी भरून येते.
- जागा लाल, गरम, कडक लागते. खाज असह्य असते, थोडा ठणकाही असतो.
- मधोमध पाण्याचा फोड येतो.
- पापणीला चावलं असेल तर सकाळी डोळाच उघडत नाही. कानाची पाळी वड्यासारखी फुगते. पायाला चावलं तर चप्पल चढत नाही.
- लहान मुलांना सोबत कणकण किंवा ताप येतो.
- उतरायला तीन दिवस ते दहा दिवस लागतात, आणि पुढच्या चाव्याला सगळं पुन्हा पहिल्यापासून.

याला स्कीटर सिंड्रोम म्हणतात. १९९९ मध्ये कॅनडातल्या एस्टेल सायमन्स आणि झिकांग पेंग यांनी लहान मुलांमधल्या अशा केसेस मांडल्या. या सुजेला जंतुसंसर्ग समजलं जातं, हे त्यांनी तेव्हाच दाखवून दिलं होतं. आजही तीच गल्लत घरोघरी होते.

कारण थोडक्यात सांगते, कारण ते कळलं की पुढचे उपाय का ते आपोआप कळतं. चावते ती मादी. रक्त पिताना ते गोठू नये म्हणून ती आपली लाळ कातडीत सोडते. त्या लाळेतल्या प्रथिनांवर आपलं शरीर चवताळतं, ती ही सूज. डासाला विष नसतं. ‘गटारातला डास होता म्हणून एवढं सुजलं’ असं जे म्हणतात त्यात काही अर्थ नाही. गटार स्वच्छ असतं तरी सूज तेवढीच आली असती, डास कमी असते इतकंच.

हेच शरीर वर्षानुवर्षं त्याच जातीचे डास चावून घेत राहिलं की हळूहळू निवळतं. म्हणून हा त्रास पोरांना जास्त, आजोबांना कमी. आणि म्हणूनच अमेरिकेहून किंवा दुबईहून सुट्टीला आलेली नातवंडं पहिल्याच आठवड्यात सुजतात. इथल्या डासांच्या लाळेशी त्यांची ओळखच नसते. ‘तिकडे राहून नाजूक झाली’ हे त्यांच्या आईला ऐकवू नका.

पहिलं: दोरा, वाळे, अंगठी काढा

याला पैसे लागत नाहीत आणि हे सगळ्यात जास्त विसरलं जातं. लहान मुलाच्या मनगटात दृष्टीचा काळा दोरा असतो, पायात वाळे, मनगट्या. मोठ्यांच्या बोटात अंगठ्या, पायात जोडवी, पैंजण. सूज वाढत गेली की हे सगळं कातडीत रुततं आणि पुढचं रक्त अडतं. सूज नुकती येत असताना ते निघतं, चार तासांनी साबण लावूनही निघत नाही. दोरा तोडला म्हणून कुणाला दृष्ट लागत नाही. आजीला पटत नसेल तर सूज उतरल्यावर नवा बांधू असं सांगा. अंगठी अडकलीच असेल आणि पुढचं बोट निळसर किंवा बधिर झालं असेल तर ओढाताण करू नका, दवाखान्यात कापून घ्या.

दुसरं: घड्याळ आणि बॉलपेन

माझ्या मते सगळ्या तपासण्यांत ही सर्वांत कामाची. सुजेच्या कडेने, लाली जिथे संपते तिथे, पेनने रेघ मारा. रेघेशेजारी वेळ लिहा. फोटो काढा. सहा तासांनी पुन्हा बघा, गरज वाटली तर दुसरी रेघ मारा.

हे कशासाठी? कारण अ‍ॅलर्जीची सूज आणि जंतुसंसर्गाची सूज बघायला सारखीच: लाल, गरम, फुगलेली. फरक त्यांच्या वेळापत्रकात असतो. अ‍ॅलर्जीची सूज चावल्यापासून काही तासांतच चढते, पहिल्या दिवस-दीड दिवसात कळस गाठते आणि मग थबकते. तिच्यात खाज आधी, दुखणं नंतर. जंतुसंसर्ग सहसा उशिरा येतो. खाजवून कातडी फुटते, नखातले जंतू आत जातात, आणि दोन-तीन दिवसांनी, निवळत आलेली जागा पुन्हा लाल व्हायला लागते. त्यात खाज मागे पडते आणि दुखणं पुढे येतं, दाबल्यावर कळ येते, पू धरतो, रेघेबाहेर लाली रोज सरकत जाते.

म्हणजे रात्री चावलं आणि सकाळी हात सुजला, तर ते बहुधा अँटिबायोटिकचं काम नाही. चौथ्या दिवशी लाली रेघ ओलांडून निघाली, तर डॉक्टरचं काम आहे आणि त्यात दिरंगाई नको. तापाचंही असंच. सूज आली त्याच दिवशी बारीक ताप आला तर तो या सुजेचा असू शकतो. त्याच चाव्याचा डेंग्यू मात्र नसतो, कारण डेंग्यूचा ताप यायला चाव्यानंतर साधारण ४ ते १० दिवस लागतात. पण पावसाळ्यात आदल्या आठवड्यातल्या कुठल्या तरी चाव्याचा डेंग्यू त्याच दिवशी वर येऊ शकतो. म्हणून ताप एक दिवसाच्या वर टिकला, चढा राहिला, डोळ्यांच्या मागे किंवा सांध्यांत दुखू लागलं, तर सूज विसरा आणि तापाची तपासणी करा. तोवर तापाला पॅरासिटॅमॉलच द्या. आयब्रुफेन, अ‍ॅस्पिरिन नको, डेंग्यू निघाला तर त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो.

डॉक्टरकडे गेलात तर ही रेघ आणि वेळा दाखवा. तोंडी ‘परवापासून आहे हो’ यापेक्षा त्यांना याचा खूप जास्त उपयोग होतो.

तिसरं: नक्की डासच का?

माझ्याकडे येणाऱ्या फोटोंतले बरेचसे डासाचे नसतात. हे पाच मिनिटांत ताडता येतं.

डासाचे चावे उघड्या अंगावर, विखुरलेले असतात: हात, पोटऱ्या, तोंड. एका ओळीत तीन-चार चावे, तेही सकाळी उठल्यावर दिसणारे, असले की ढेकूण. गादीची शिवण, पलंगाचे सांधे बघा, काळे ठिपके दिसतील. फक्त घोट्याभोवती असतील आणि घरात मांजर किंवा कुत्रं असेल तर पिसवा. बोटांच्या बेचक्यांत, कमरेला, रात्री वाढणारी खाज आणि घरात एकाहून जास्त जण खाजवत असतील तर खरूज. तिला डास पळवून काही होणार नाही.

पावसाळ्यात आणखी एक येतं. मानेवर किंवा गालावर लांबट पट्टा, खाजेपेक्षा आग जास्त, त्यावर बारीक पिवळट फोड. हा चावा नाहीच. दिव्याला येणारा तांबडा-काळा बारीक किडा असतो, त्याला अंगावर चिरडलं की त्याच्या अंगातल्या रसाने कातडी भाजते. साबण-पाण्याने लगेच धुवायचं, आणि पुढच्या वेळी किडा चिरडायचा नाही, फुंकून उडवायचा. अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्याने फोड आले आणि त्याआधी तिथे दुखत असेल तर ती नागीण असू शकते. तिचं औषध पहिल्या तीन दिवसांत सुरू झालं तर जास्त उपयोग होतो, तेव्हा वाट बघू नका.

लहान मुलांत अजून एक प्रकार: नवा चावा एकच, पण त्याबरोबर जुने विसरलेले चावे सगळे पुन्हा फुलतात. आई घाबरते की एका रात्रीत पंचवीस डास चावले. तसं नसतं. दोन ते दहा वर्षांच्या मुलांत हे पुष्कळ दिसतं आणि वयाबरोबर जातं.

चौथं: गार पट्टी, नखं, आणि काय लावायचं नाही

साबण-पाण्याने धुवा. बर्फ रुमालात गुंडाळून दहा मिनिटं धरा, थोडं थांबून पुन्हा. गारव्याने सूजही आखडते आणि खाजेची जाणीवही बोथट होते. हात-पाय उशीवर उंच ठेवून झोपवा. पोटरीची सूज रात्रभरात घोट्यात उतरते ती खाली लोंबत्या पायामुळे. घोटा सुजला म्हणजे आजार पसरला असं नाही.

नखं त्याच दिवशी कापा. जंतुसंसर्गाची निम्मी लढाई नेलकटरने जिंकता येते. झोपेत खाजवणाऱ्या मुलाला सुती पायमोजे हातात घाला. फोड आला असेल तर फोडू नका. आतलं पाणी निर्जंतुक असतं आणि वरची कातडी हीच सर्वांत चांगली पट्टी.

कॅलामाइन लावा, दिवसातून चार वेळा लावलं तरी चालतं. कोरफडीचा गर गार लागतो, नुकसान नाही. पण चुना, टूथपेस्ट, लिंबू, लसूण, नवसागर हे लावू नका. चुन्याने कातडी भाजते आणि मग चाव्याच्या जागी भाजल्याची जखम निस्तरत बसावं लागतं. ‘आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या लावतात’ असं कुणी म्हटलं तर मी वाद घालत नाही, फक्त माझ्या मुलाला लावू देत नाही.

पाचवं: औषधं

इथून पुढे पैसे लागतात, आणि डॉक्टरशी एकदा तरी बोलणं लागतं. दर चाव्याला जायची गरज नाही. एकदा जाऊन ‘असं झालं की हे द्या’ अशी लेखी चिठ्ठी, वजनाप्रमाणे मात्रेसकट, करून घ्या. आम्ही ती फ्रिजवर चिकटवली आहे. रात्री साडेअकराला मात्रा आठवत बसायला नको.

गोळी किंवा सिरप म्हणजे सेट्रिझिन, लेव्होसेट्रिझिन, फेक्सोफेनाडिन या नव्या पिढीतली अँटिहिस्टामिन, म्हणजे अ‍ॅलर्जी दाबणारी औषधं. जुन्या गोळ्यांनी गुंगी जास्त येते, मूल शाळेत पेंगतं आणि मोठ्यांनी गाडी चालवणं धोक्याचं होतं. दोन वर्षांखालच्या बाळाला यातलं काहीही आपल्या मनाने देऊ नये.

लावायला सौम्य स्टेरॉइड क्रीम, चेहऱ्याला एक टक्का हायड्रोकॉर्टिसोनसारखं. हातापायाला थोडं तेज लागू शकतं, ते डॉक्टर ठरवतील. दिवसातून दोनदा, पातळ थर, तीन ते पाच दिवस. फुटलेल्या कातडीवर नाही. सूज चढायच्या आधी लावलं तर जास्त गुण येतो, तिसऱ्या दिवशी लावून फार हाती लागत नाही.

केमिस्टकडे जाऊन ‘खाजेचं काहीतरी द्या’ म्हटलं की तीन-चार औषधं एकत्र असलेली ट्यूब हातात पडते: जहाल स्टेरॉइड, बुरशीचं औषध, अँटिबायोटिक, सगळं एकत्र. त्याने दोन दिवस जादू होते खरी. पण ती महिनोन्‌महिने वापरली की कातडी पातळ पडते, आणि मुळात नायटा असेल तर तो दबून पसरतो. ट्यूबवरची नावं वाचा. ‘क्लोबेटासोल’ दिसलं तर मुलाच्या अंगाला, आणि कुणाच्याही चेहऱ्याला, स्वतःहून लावू नका.

अँटिबायोटिकचं वर सांगितलं. रेघ न सरकता पहिल्याच दिवशी कोर्स लिहून दिला तर ‘हे अ‍ॅलर्जीचं असेल का, एक दिवस थांबून बघू का?’ एवढं नम्रपणे विचारायला हरकत नाही. बहुतेक डॉक्टर थांबा म्हणतात. नको म्हणाले तर त्यांना काहीतरी वेगळं दिसलेलं असतं, मग त्यांचं ऐका.

सहावं: कोणत्या वेळी, कुठे चावतात?

आतापर्यंतचं सगळं चावल्यानंतरचं. पण ज्याला ही सूज येते त्याचा खरा उपाय न चावू देणं हाच आहे, आणि तिथे लोक थेट महागड्या मशीनवर उडी मारतात. आधी आठवडाभर वहीत लिहा: चावा कधी दिसला, अंगावर कुठे, त्याआधी माणूस कुठे होता.

कारण डास एक नाही. पांढऱ्या पट्ट्यांचा एडिस दिवसा चावतो, मुख्यतः सकाळी आणि संध्याकाळ व्हायच्या आधी, आणि घरातल्या साठवलेल्या साध्या पाण्यात वाढतो. तपकिरी क्युलेक्स रात्री चावतो, गटार, सेप्टिक टँक, नदीच्या घाण पाण्यात वाढतो. अ‍ॅनाफिलीसही रात्रीचा. माझ्या नणंदेला सगळे चावे पोटऱ्यांना आणि दुपारचे निघाले. म्हणजे रात्रीची मच्छरदाणी तिच्या काहीच कामाची नव्हती. ऑफिसातल्या टेबलाखालचा अंधार हा तिचा प्रश्न होता. मुलाचे चावे शाळेतले होते, हाफ पँटमुळे. वर्गशिक्षिकेला डॉक्टरांची चिठ्ठी दाखवून फुल पँटची परवानगी मिळाली आणि ऑगस्टचा हंगाम बराच सुसह्य झाला.

सातवं: पंखा, कपडे, क्रीम

पंखा हा सगळ्यात स्वस्त उपाय आणि त्याला कुणी किंमत देत नाही. डास उडण्यात दुबळा असतो, आणि आपल्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडच्या मागावर येतो. वारा दोन्ही बिघडवतो. छताचा पंखा टेबलाखाली पोचत नाही. म्हणून एक छोटा टेबलफॅन जमिनीवर, पायांकडे तोंड करून ठेवा.

कपडे फिकट रंगाचे, सैल, पूर्ण बाह्यांचे. घट्ट लेगिंग्जमधून डास आरामात चावतो.

अंगाला लावायच्या क्रीममध्ये घटक वाचा. डीईईटी किंवा पिकारिडिन असलेली सर्वांत भरवशाची. टक्केवारी जास्त म्हणजे जोर जास्त नव्हे, टिकते जास्त वेळ. दोन महिन्यांखालच्या बाळाला डीईईटी लावू नये, त्याला जाळीच बरी. सिट्रोनेलाच्या तेलाचा वास छान, पण तो थोड्या वेळात उडतो, आणि ज्याला एका चाव्याने आठवडा आडवं व्हावं लागतं त्याने त्यावर विसंबू नये. मनगटातले वासाचे पट्टे, कानाला ऐकू न येणारा आवाज काढणारी यंत्रं, लसूण खाणं, बी जीवनसत्त्वाच्या गोळ्या: यांनी डास हटत नाहीत.

लावायची पद्धत: आधी सनस्क्रीन, मग हे. मुलाला आपण लावून द्यायचं, त्याच्या तळव्यांना नाही, कारण ते तोंडात जातात. डोळ्यांजवळ, जखमेवर, कपड्यांच्या आत नाही. घोटे आणि कानामागे विसरू नका, डास विसरत नाहीत. झोपण्याआधी धुऊन टाका. ज्याची कातडी आधीच चिडखोर आहे त्याला पहिल्यांदा कोपराच्या आत थोडंसं लावून एक दिवस बघा.

आठवं: जाळ्या आणि मच्छरदाणी

दिवेलागणीला दार उघडं ठेवायची आपली पद्धत. लक्ष्मी येते म्हणतात, पण क्युलेक्सही त्याच मुहूर्तावर येतो. जाळीचं दार बसवा, दोन्ही प्रश्न सुटतात.

खिडक्यांना वेलक्रोची जाळी असूनही डास येत असतील तर दुपारी खोलीत अंधार करा आणि उजेड कुठून येतो ते बघा. आमच्याकडे संडासाच्या काचेच्या पट्ट्या, एसीच्या पाइपचं भोक आणि स्वयंपाकघराचा एक्झॉस्ट एवढ्या जागा निघाल्या. वेलक्रोचे कोपरे दोन पावसाळ्यांत सुटतात.

मच्छरदाणी घेताना भोकं बारीक बघा. मानक जाळीत एका चौरस इंचात १५६ भोकं असतात. ती गादीखाली खोचलेली हवी, आणि अंगाला टेकता कामा नये. जाळीला टेकलेल्या कोपराला डास बाहेरून चावतो. मूल लोळत जाऊन जाळीला टेकत असेल तर औषध लावलेली मच्छरदाणी घ्या. गडचिरोलीसारख्या मलेरियाच्या भागात सरकार ज्या वाटतं, त्या जातीची. तिच्यावर बसलेला डास मरतो किंवा उडून जातो.

कॉइलबद्दल मात्र स्पष्ट बोलते: बंद खोलीत लावू नका. एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या धुराएवढे भरतात असं २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोजलं गेलं. ज्या मुलाला अ‍ॅलर्जी आहे त्याला दमाही असण्याची शक्यता जास्त, आणि सूज वाचवायला जाऊन धाप लावून घ्यायची याला काय म्हणायचं. लिक्विडचं मशीन लावायचंच तर झोपण्याच्या अर्धा तास आधी, खिडकी किंचित उघडी ठेवून. त्यानेही खोकला येत असेल तर बंद.

नववं: पाणी

हे सगळ्यात कष्टाचं, कारण यात शेजारी आणि सोसायटीची कमिटी येते. अंड्यापासून डास व्हायला उन्हाळी हवेत आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस. फ्रिजमागचा ट्रे, कुंड्यांखालच्या ताटल्या, मनी प्लांटची बाटली, कूलर, पक्ष्यांसाठी ठेवलेलं भांडं, गच्चीवरच्या करवंट्या आणि टायर. नुसतं ओतून चालत नाही, भांडं घासावं लागतं. एडिसची अंडी पाण्याच्या कडेला चिकटतात आणि कोरड्यात महिनोन्‌महिने टिकून पुढच्या पाण्यात फुटतात.

टॉर्च मारून बघा. वळवळणाऱ्या अळ्या डोकं खाली करून तिरक्या लटकलेल्या असतील तर एडिस किंवा क्युलेक्स, पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर पडून असतील तर अ‍ॅनाफिलीस. पाण्याच्या टाकीचं झाकण घट्ट, ओव्हरफ्लोच्या पाइपला जाळी. सेप्टिक टँक असेल तर त्याच्या व्हेंट पाइपला जाळी किंवा कापड. गावाकडे आरोग्यसेवक हे दारोदार सांगत फिरतात आणि आपण मान डोलावून विसरतो. ओतता न येणाऱ्या हौदात गप्पी मासे सोडा, महापालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाकडे विचारलं तर मिळतात.

धूरफवारणीची गाडी आली की सगळ्यांना बरं वाटतं. धुराने फक्त त्या क्षणी उडणारे डास मरतात, अळ्या तशाच राहतात आणि आठवड्यात नवी फौज तयार. कमिटीने फवारणीपेक्षा ड्रेनेजच्या चेंबरची तुटलेली झाकणं बदलण्यावर पैसा घालावा असं माझं मत आहे. मीटिंगमध्ये ते मांडून झालं आहे. पुढच्या मीटिंगमध्ये पुन्हा मांडेन.

इथे थांबा, डॉक्टरकडे जा

*लगेच, १०८ ला फोन करून किंवा जवळच्या इस्पितळात:* चावल्यावर थोड्याच वेळात श्वास घ्यायला त्रास, घशात आवळल्यासारखं, आवाज बसणं, जीभ किंवा ओठ सुजणं, चाव्यापासून लांब अंगभर गांधी, उलट्या, चक्कर, मूल एकदम मलूल पडणं. डासाने असं क्वचितच होतं, पण झालं तर त्यावर औषध अ‍ॅड्रेनॅलिनचं इंजेक्शनच. सेट्रिझिन देऊन वाट बघू नका. आडवं झोपवा, पाय उंच करा. धाप लागली असेल तर बसू द्या, पण उभं करून चालवू नका.

*त्याच दिवशी:* लाली पेनच्या रेघेबाहेर सरकत आहे, लाल रेषा वर चढत आहेत, पू, वाढतं दुखणं, दोन दिवसांनी नव्याने ताप. डोळ्याची सूज असेल तर बुबुळ हलवताना दुखणं, अंधुक दिसणं किंवा डोळा पुढे आल्यासारखा वाटणं, यातलं काहीही असलं तर रात्र काढू नका. तीन महिन्यांखालच्या बाळाला ताप असेल तर कारण काहीही असो, थेट बालरोगतज्ज्ञ. मधुमेह असलेल्या माणसाच्या पायाची सूजही याच यादीत.

*सवडीने, पण नक्की:* प्रत्येक हंगामात हे होतंच असेल तर अ‍ॅलर्जीच्या किंवा त्वचेच्या डॉक्टरला दाखवा. हंगामभर रोज अँटिहिस्टामिन घ्यायचं का, ते ते ठरवतील. फिनलंडमधल्या चाचण्यांत आधीपासून सेट्रिझिन घेतलेल्यांच्या गांधी लहान राहिल्या आणि खाज कमी झाली, तेव्हा हा मार्ग हवेतला नाही. रक्ताच्या महागड्या अ‍ॅलर्जी पॅनेलवर मात्र स्वतःहून पैसे घालू नका. या त्रासाचं निदान मुख्यतः हकिगतीवरून आणि फोटोंवरून होतं.

आणि दोन वेळा मात्र तज्ज्ञाकडे जाणं टाळूच नका. एक, चाव्याच्या जागी कातडी काळी पडून व्रण होतो, खड्डा राहतो, दर वेळी चढा ताप येतो आणि गळ्यातल्या-काखेतल्या गाठी सुजतात. दोन, आयुष्यभर काही न झालेल्या वयस्क माणसाला अचानक असे मोठे फोड येऊ लागतात. हे फार थोड्यांना होतं, पण यामागे कधीकधी रक्ताचा आजार असतो आणि साधी सीबीसी तपासणी (रक्तातल्या पेशींची मोजणी) पहिला धागा देते. जाताना पेनच्या रेघांचे फोटो, चाव्यांची वही आणि आतापर्यंत वापरलेल्या ट्यूबा, रिकाम्या असल्या तरी, सोबत न्या.